कच्ची कैद, रोजगार आणि जात-जमात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या माणसाला अटक झाली की पहिला प्रश्न येतो, "कधी सुटेल?" दुसरा जरा खालच्या आवाजात येतो, "कामावरून काढतील का?" गेली काही वर्षं आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत या दुसऱ्या प्रश्नाचीच वेगवेगळी रूपं जास्त आहेत. नाक्यावरचे कामगार विचारतात, वर्कशॉपचे मालक विचारतात, वस्त्यांवरून फोन येतात. बहुतेक उत्तरं महाराष्ट्राला धरून आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे या नव्या संहितेचे आहेत.

१. कच्चा कैदी म्हणजे कोण? शिक्षाच झालेली नाही, तर तुरुंगात का ठेवतात?

ज्याचा तपास किंवा खटला अजून चालू आहे आणि ज्याला जामीन मिळालेला नाही, तो कच्चा कैदी. कागदोपत्री त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. शिक्षा लागलेला तो पक्का. कच्च्याला आत ठेवण्याची कायद्याला मान्य असलेली कारणं मोजकी आहेत: तो पळून जाईल, पुराव्यात ढवळाढवळ करेल, साक्षीदारांना धमकावेल किंवा पुन्हा गुन्हा करेल. शिक्षा म्हणून आत ठेवणं हे त्यात बसत नाही.

प्रत्यक्षात आपले तुरुंग कच्च्या कैद्यांनीच भरलेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते. म्हणजे चारांतले तीन. त्यातल्या ११ हजारांहून अधिक जणांनी खटल्याचा निकाल न लागता पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत काढला होता. मुंबईचं आर्थर रोड कारागृह हजाराहून कमी जणांसाठी आहे. तिथे अलीकडच्या वर्षांत तीन हजारांच्या वर माणसं राहिली आहेत.

२. अटकेनंतर कोणत्या दिवशी काय होतं?

२४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. तिथे पोलीस कोठडी मिळते, म्हणजे सगळे ज्याला पीसीआर म्हणतात ती, किंवा न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. पीसीआर एकूण १५ दिवसांच्या वर देता येत नाही. मात्र नव्या संहितेत हे १५ दिवस सलगच असावेत असं नाही. गुन्ह्याच्या प्रकारानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यानंही मागता येतात. एमसीआर झाला की माणूस चौकीतून कारागृहात जातो, आणि बहुतेक वेळा खऱ्या अर्थानं जामिनाचं काम तिथून सुरू होतं.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही हे लक्षात ठेवा. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे ठणकावून सांगितलं आहे. अटक केलीच, तर तिची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, असा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात झाला. गडचिरोलीतल्या माडिया बोलणाऱ्या माणसाच्या हातात मराठी कागद ठेवून हे काम होत नाही.

३. दोन-चार आठवडे आत राहिल्यानं कामाचं एवढं काय बिघडतं? बाहेर आला की पुन्हा लागेल की कामाला.

हा प्रश्न बहुधा पगारदार माणूस विचारतो. हजेरीवर काम करणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. रोजची हजेरी ८०० रुपये आणि महिन्याला २५ दिवस काम धरलं, तर तीन महिन्यांत ६० हजार रुपये घरात येत नाहीत. याच काळात वकील, झेरॉक्स, मुलाखतीला जाण्यायेण्याचं भाडं, आतल्या कँटीनसाठी पाठवायचे पैसे, हे सगळं बाहेर जातं. दुसऱ्या आठवड्यात ठेकेदार दुसरा माणूस घेतो. तिसऱ्या महिन्यात खोलीचं डिपॉझिट भाड्यात वळतं होतं. पक्क्या कैद्याला निदान कामाची थोडी मजुरी मिळते. कच्च्याला काम सक्तीचं नसतं, त्यामुळे त्याची कमाई बहुतेक शून्यच.

बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कामगारांचं तर आणखी अवघड. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात. एकाला अटक झाली की कोयता मोडतो, पण उचल फिटत नाही. एकट्या बाईला कारखान्यावर नेत नाहीत, आणि उचलीसाठी मुकादमाचा तगादा तिच्यामागे लागतो. ज्या गुन्ह्यात पुढे निर्दोष सुटका होते, त्या गुन्ह्यानं दोन-दोन हंगामांचं कर्ज मागे ठेवलेलं आम्ही पाहिलं आहे.

४. जामीन मंजूर झालाय, तरी माणूस अजून आतच आहे. असं कसं?

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. जामीन मंजूर होणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे जामीनदार लागतो.

गेल्या वर्षी एका न्यायालयाच्या आवारात एका रंगाऱ्याची बायको भेटली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात सातबारा, रेशनकार्डाच्या तीन झेरॉक्स, आधार, आणि भावाचे पासपोर्ट फोटो एका जुन्या लग्नपत्रिकेत घालून ठेवलेले. पंधरा हजारांचा ऐपतदार जामीनदार द्यायचा होता. भाऊ धाराशिवकडचा, दोन एकर कोरडवाहू असलेला. तिला सांगण्यात आलं, जामीनदार स्थानिक पाहिजे. मग सांगितलं, चालेल, पण तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आणा. भाऊ दोनदा गावी जाऊन आला. पहिल्या खेपेला सुट्टी लागली, दुसऱ्या खेपेला दाखल्यावर सही झाली पण शिक्का राहिला. आदेशानंतर १९ दिवसांनी तिचा नवरा बाहेर आला. त्या १९ दिवसांत ठेकेदाराची साइट संपली होती. त्याला आत ठेवण्याची गरज नाही असं न्यायालयानं म्हटल्यानंतरचे हे १९ दिवस होते. मला या सगळ्या विषयात हेच सर्वांत जास्त टोचतं.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं यासाठी नेमके निर्देश दिले आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांकडे ईमेलनं जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालयानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, म्हणून न्यायालयांनी तशी अट घालू नये, असंही त्यात आहे. वकिलांकडे या निर्देशांचा उल्लेख करा. माहीत नसलेले बरेच आहेत.

५. आमच्याकडे ना जमीन, ना ऐपतीचा दाखला. मग काय करायचं?

पहिली वाट, तात्पुरत्या रोख जामिनाची. न्यायालय रोख रक्कम भरून घेऊन सोडतं आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत देतं. महाराष्ट्रात हे सर्रास मागितलं जातं. आदेश होतानाच मागावं, नंतर वेगळा अर्ज करण्यात आठवडा जातो.

दुसरी, रक्कम कमी करून घ्यायची. कलम ४८४ म्हणतं की जामिनाची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी. सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय ती कमी करू शकतं. इथे मोतीराम प्रकरण आठवतं. १९७८ साल, मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे रद्द ठरवून एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. वर सांगितलेली रंगाऱ्याची गोष्ट त्यानंतर साडेचार दशकांनी घडली.

तिसरी वाट जामीनपात्र गुन्ह्यांसाठी. कलम ४७८ नुसार अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं धरून केवळ जातमुचलक्यावर सोडायचं असतं.

चौथी, केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी लागणारी रक्कम जिल्हास्तरीय समिती मंजूर करू शकते. २०२३ च्या मूळ नियमांत तिची मर्यादा ४० हजारांची होती. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, यांखालच्या आरोपींना ती मिळत नाही. अर्जासाठी प्रश्न १८ पाहा.

६. न्यायालयाबाहेर पैसे घेऊन जामीनदार मिळतो म्हणतात. घेऊ का?

नाही. बनावट सातबारा किंवा दुसऱ्याच्या नावाचं रेशनकार्ड निघालं, तर जामीन रद्द होतो आणि फसवणुकीचा नवा गुन्हा लागतो. मग प्रश्न १३ मधली अडचण समोर उभी राहते.

७. माझं छोटं वर्कशॉप आहे. माझ्या कामगाराला अटक झाली. मी जामीनदार झालो तर मला धोका आहे का? आणि यात माझा फायदा काय?

मालक जामीनदार होऊ शकतो. धोका एकच आहे. कामगार तारखांना हजर राहिला नाही, तर जामीनपत्रात लिहिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. विश्वास उडाला, तर न्यायालयात अर्ज करून जामीनदारीतून मोकळं होता येतं. त्याच्या गुन्ह्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

जामीनदार व्हायचं नसेल तरी एक गोष्ट जरूर करा. लेटरहेडवर लिहून द्या की हा माणूस अमुक वर्षांपासून तुमच्याकडे आहे, पगार इतका, राहतो अमुक ठिकाणी, आणि सुटल्यावर त्याची जागा शिल्लक आहे. १९७९ च्या हुसैनारा खातून निर्णयात न्यायमूर्ती भगवती यांनी जामीन देताना काय पाहावं याची यादी दिली आहे. किती वर्षांपासून वस्ती आहे, नोकरी काय, कुटुंब कुठे, ओळखीची जबाबदार माणसं कोण, हे सगळं त्यात आहे. ज्याची नोकरी टिकून आहे तो पळून जाण्याची शक्यता कमी, हे न्यायालयाला तुमच्या एका कागदानं दिसतं. पैसे न लागणारी ही मदत फार थोडे मालक करतात.

फायद्याचं म्हणाल, तर लेथवर हात बसलेला माणूस गेला की काय होतं ते तुम्ही मला सांगाल. नवा माणूस शिकेपर्यंत माल रिजेक्ट होतो, ऑर्डर लांबते. मोठ्या कारखान्याला एक खाडा दिसतही नाही. सहा जणांच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस म्हणजे सहावा हिस्सा.

८. खाजगी कंपनी अटकेच्या कारणावरून थेट कामावरून काढू शकते का?

अटक म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, आणि चौकशीशिवाय काढणं कायम कामगाराच्या बाबतीत टिकत नाही. "इतके दिवस न सांगता गैरहजर, म्हणून नाव कमी" अशी नोटीस बहुतेकांना येते. अशी आपोआप बडतर्फीही बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच घरच्यांनी कंपनीला लेखी कळवावं: अटकेची तारीख, गैरहजेरीचं कारण, रजा धरण्याची विनंती. पोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा. लाज वाटते म्हणून "गावी गेलाय" असं सांगणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि पुढे तेच खोटं बोलणं गैरवर्तन म्हणून कागदावर येतं.

कंपनीनं चौकशी लावून निलंबित केलं, तर स्थायी आदेश (कामगारांच्या नोकरीच्या अटींचे प्रमाणित नियम) लागू असलेल्या ठिकाणी पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाएवढा निर्वाह भत्ता मिळतो. त्यापुढे उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर ७५ टक्के. अटकेच्या दिवसापर्यंत कमावलेला पगार कोणत्याही परिस्थितीत द्यावाच लागतो. ठेकेदाराकडच्या आणि रोजंदारीवरच्या कामगाराला यातलं फार थोडं लागू होतं. त्यांच्यासाठी खरं संरक्षण म्हणजे लवकर सुटका, दुसरं काही नाही.

९. सरकारी नोकराचं काय होतं?

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ४(२) नुसार ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी अटकेच्या दिवसापासून निलंबित मानला जातो. त्यासाठी वरिष्ठांच्या मनात काही असायला लागत नाही. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाएवढा निर्वाह भत्ता मिळतो. जामिनावर सुटल्यानं निलंबन आपोआप उठत नाही, आढाव्यासाठी अर्ज करावा लागतो. अटक लपवणं हा स्वतंत्र ठपका ठरतो.

१०. निर्दोष सुटलो. आतल्या काळाचा पगार मिळेल का? सरकार भरपाई देईल का?

पगाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कठोर आहे. तक्रार मालकानं केलेली नसेल, तर आतल्या काळात काम झालं नाही म्हणून मागचा पगार हक्कानं मागता येत नाही, असं १९९६ पासूनच्या निर्णयांत म्हटलं आहे. खटला मालकाच्याच तक्रारीवरून झाला असेल, तर बाजू बरीच मजबूत होते.

भरपाईचा सर्वसाधारण हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो करावा असं सुचवलं होतं. विनाकारण अटक करवून आणणाऱ्याकडून दंडाधिकारी भरपाई देववू शकतात. कलम ३९९ खाली तिची कमाल मर्यादा किती? एक हजार रुपये. नाक्यावरची सव्वा दिवसाची हजेरी.

घटनात्मक न्यायालयं अधूनमधून मोठी भरपाई देतात. महाराष्ट्रातल्या २००३ च्या एका खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, खरे गुन्हेगार मोकाट राहिल्याबद्दल तपासावर ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख.

११. जातीचा किंवा धर्माचा याच्याशी संबंध आहे, की गरिबीचाच आहे?

दोन्हीचा आहे, आणि ते वेगळे काढता येत नाहीत. अनुसूचित जाती देशाच्या लोकसंख्येत १६.६ टक्के, कच्च्या कैद्यांत सुमारे २१ टक्के. मुस्लिम लोकसंख्येत १४.२ टक्के, कच्च्या कैद्यांत १८-१९ टक्के. अनुसूचित जमाती ८.६ टक्क्यांच्या तुलनेत ९ ते १० टक्क्यांच्या घरात. कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दहावीच्या आत शिकलेले आहेत.

"मग हे लोक गुन्हेच जास्त करत असतील," असं कुणीतरी लगेच म्हणतं. पण हे आकडे गुन्हा सिद्ध झालेल्यांचे नाहीत, जामीन न मिळालेल्यांचे आहेत. जामिनाची चाळणी कशी आहे ते बघा. नावावर जमीन आहे का? ओळखीत कुणी पगारदार, ऐपतदार आहे का? पक्का पत्ता आहे का? मालक लिहून देईल का? पिढ्यान् पिढ्या जमीन नाकारलेल्या समाजाकडे सातबारा कुठून येणार? कायदा जात विचारत नाही, पण जातीनं जे हिरावून घेतलं तेच नेमकं मागतो.

१२. चोरी कुठेही झाली तरी आमच्या पारधी वस्तीतल्याच पोरांना उचलतात. कामाला लागलेली पोरंसुद्धा. काही करता येतं का?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून हा विमुक्त दिन. सोलापूरची सेटलमेंट तारेच्या कुंपणाआड होती, ते कुंपण गेलं. पण मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची सवय तशीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची आणि बराकींची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानू नका आणि त्यांना मनमानी अटक करू नका, असंही पोलिसांना बजावलं.

प्रत्यक्षात हे करा. कुणाला, कुणी, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेलं, ते लगेच एका वहीत लिहा. त्याच रात्री मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. २४ तास उलटले आणि हजर केलं नाही, तर ती नोंदच तुमचा पुरावा आहे. कामावर असलेल्या मुलाची त्या दिवशीची हजेरी, बायोमेट्रिक किंवा मुकादमाची वही तातडीनं मिळवा, नंतर ती सापडत नाही. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. त्यामुळे त्यांच्यावर खोटी, त्रास देण्यासाठी केलेली फौजदारी कारवाई ही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.

१३. शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की सुटका होते म्हणतात. माझ्या भावाची का झाली नाही?

कलम ४७९ नुसार त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला, तर जामिनावर सोडायचं. आधी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवरही आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

अपवाद दोन. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप असेल तर नाही. आणि एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटले प्रलंबित असतील, तरी नाही. हा दुसरा अपवाद ज्यांच्यावर उगाच तीन-तीन, चार-चार गुन्हे दाखल होतात त्यांना नेमका आडवा येतो. प्रश्न १२ मधल्या मुलाला मोबाइल चोरीच्या चार प्रकरणांत दाखवलं की तो या कलमाबाहेर गेला, मग चारही प्रकरणं पोकळ का असेनात. अशा वेळी नेहमीचा जामीन अर्ज करायचा, आणि खटला रेंगाळल्याचा मुद्दा त्यात मांडायचा. ती वाट बंद झालेली नसते.

प्रत्येक गुन्ह्यात वेगळा जामीनदार मागितला, तर २२ ऑगस्ट २०२४ चा गिरीश गांधी निर्णय दाखवा. तेरा गुन्हे असलेल्या माणसाला एका राज्यातल्या सगळ्या प्रकरणांसाठी तेच जामीनदार चालतील, असं त्यात मान्य झालं.

१४. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आपोआप सुटका होते का?

आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. कोठडी दिल्याचा पहिला दिवस मोजायचा. मुदत संपल्यावर तुम्ही अर्ज करण्याआधी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, तर हक्क गेला. म्हणून तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि वकिलांना आदल्या दिवशीच आठवण करा.

मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) आणि यूएपीएच्या प्रकरणांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत ती मुळातच १८० दिवसांची असते आणि वर्षापर्यंत वाढू शकते. या सगळ्यांत जामिनासाठी आरोपी सकृद्दर्शनी निर्दोष वाटावा अशी उलटी अट असते. तरीही खटला संपण्याची चिन्हं नसताना वर्षानुवर्षं आत ठेवता येत नाही, हे २०२१ च्या नजीब निर्णयापासून मान्य आहे. एमपीडीए, म्हणजे धोकादायक व्यक्तींना आवर घालण्याचा राज्याचा कायदा, ही वेगळीच गोष्ट. ती खटल्याशिवायची स्थानबद्धता आहे, तिथे जामीन नसतो. सल्लागार मंडळासमोर आणि उच्च न्यायालयात दाद मागावी लागते.

१५. "गुन्हा कबूल कर, भोगलेल्या दिवसांवर सुटशील," असं सांगताहेत. करू का?

किरकोळ चोरीत सहा-आठ महिने आत काढलेल्याला हा मोह होणं मी समजू शकतो. घरी बायको वाट बघते, खटला उभा राहत नाही, आणि समोर उद्याची सुटका दिसते. भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात हेही खरं. पण त्या क्षणी तुम्ही शिक्षा झालेले होता. पुढच्या वेळी प्रश्न १३ मधली एक तृतीयांशाची सवलत गेली, चारित्र्य पडताळणीत नोंद आली, आणि परिसरात काहीही घडलं की यादीत पहिलं नाव तुमचं. केलेलं नसेल तर कबूल करू नका. आधी जामिनाची रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज करा.

१६. नव्या नोकरीच्या फॉर्ममध्ये, डिलिव्हरी अॅपच्या नोंदणीत जुनी अटक सांगायची का?

विचारलं असेल तर खरं सांगा. विचारलं नसेल तर आपणहून लिहायची गरज नाही. प्रश्न नीट वाचा, कारण "शिक्षा झाली आहे का" आणि "कधी अटक झाली आहे का" हे वेगळे प्रश्न आहेत. २०१६ च्या अवतार सिंग निर्णयानुसार सरकारी नोकरीत माहिती दडवणं हेच काढण्याचं कारण होऊ शकतं. खरं सांगितलं तर मालकानं गुन्ह्याचं स्वरूप आणि निकाल पाहून विचार करायचा असतो. निर्दोष सुटल्याच्या निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून दोन-तीन झेरॉक्स कायम जवळ ठेवा. अॅपवर खातं बंद झालं तर तीच पाठवता येते.

१७. अटक दुकानाच्या मालकालाच झाली. धंदा कसा चालू ठेवायचा?

एकमालकी धंद्यात सगळं एका सहीवर अडतं. न्यायालयाची परवानगी घेऊन कारागृहात कुलमुखत्यारपत्र करता येतं. पहिल्या आठवड्यातच त्यासाठी अर्ज द्या. बँक, वीजबिल, कामगारांचे पगार त्यावर चालतात. जीएसटीचं विवरणपत्र विसरू नका. दरमहा भरणाऱ्यानं सलग सहा महिने भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि मग गिऱ्हाईक इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीसाठी, दुसरीकडे जातं. विक्री शून्य असली तरी शून्याचं विवरणपत्र भरायचं. भागीदारी किंवा कंपनी असेल तर इतर सह्या चालतात, तिथे एवढी कोंडी होत नाही.

जीएसटीच्याच प्रकरणात अटक असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयानं अटकेविषयीची नेहमीची संरक्षणं तिथेही लागू केली आहेत. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या, अनेक ठिकाणी तुरुंगाऐवजी दंड आणला. व्यापाऱ्यांसाठी हे चांगलंच झालं. कामावर अटकेचा काय परिणाम होतो हे त्यांच्याबाबतीत सरकारला पटलं. हाच विचार हातगाडीवाल्यापर्यंत यायला हवा.

१८. वकील परवडत नाही, घरात मुलं आहेत. कुठे जायचं?

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि प्रश्न ५ मधल्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेचा अर्जही तिथूनच पुढे जातो. मुंबई-ठाणे भागात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून कारागृहात आणि न्यायालयांत काम करत आले आहेत.

आई किंवा वडील कारागृहात असतील, तर मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येतो. दरमहा मुलामागे २,२५० रुपये मिळतात. बांधकाम कामगारानं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीची नूतनीकरणाची तारीख बघावी. वर्षातले ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि आत गेलेले महिने त्यात धरत नाहीत.

१९. मुलगा अमेरिकेत आहे. तिथे हे वेगळं आहे का?

तिथे जमिनीच्या कागदाऐवजी थेट पैसा मागतात. नसेल तर खाजगी बाँडवाला साधारण दहा टक्के घेतो, ते परत मिळत नाहीत. तिथल्या स्थानिक तुरुंगांत दोन तृतीयांशांहून अधिक लोक शिक्षा न झालेले असतात. कृष्णवर्णीय लोकसंख्येत सुमारे १४ टक्के, या तुरुंगांत तिसरा हिस्सा. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली कॅलिफ ब्राउडर या १६ वर्षांच्या मुलाला बॅग चोरीच्या आरोपावरून पकडलं. जामिनाचे ३,००० डॉलर घरच्यांना भरता आले नाहीत. तीन वर्षं रायकर्स बेटावर काढल्यावर खटला न चालवताच सोडलं, आणि २०१५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. न्यू जर्सीनं २०१७ पासून रोख जामीन जवळपास बंद केला, इलिनॉयनं १८ सप्टेंबर २०२३ पासून पूर्ण. फिलाडेल्फिया आणि मायामीच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. खटल्याआधी सुटलेले लोक कमी वेळा गुन्हा कबूल करतात आणि पुढे नियमित नोकरीत जास्त टिकतात, असं त्यात दिसलं. प्रश्न १५ पुन्हा वाचा, तीच गोष्ट आहे.

एच-१बी वर असलेल्यानं एवढं लक्षात ठेवावं: नोकरी गेली की राहण्यासाठी कमाल ६० दिवसांची सवलत असते. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच दिवशी फोन करायचा.

२०. तुम्हाला विचारताना कोणती माहिती हाताशी ठेवू?

गुन्हा नोंदणी क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, अटकेची तारीख आणि वेळ, पुढची तारीख, कोणतं न्यायालय, कारागृह. आधी कधी शिक्षा झाली आहे का. तो कुठे कामाला होता, किती वर्षं, आणि मालकाचा नंबर. हे शेवटचं बहुतेक जण सांगायला विसरतात.